दोन रुपयांची पुडी आणि अजमावण्याचा हक्क

शॅम्पूच्या पुडीवर कोणी लेख लिहावा असं तिच्यात काही दिसत नाही. नाक्यावरच्या प्रत्येक किराणा दुकानात तिच्या माळा लटकलेल्या असतात. दुकानदार एक पुडी फाडून देतो, आपण डोकं धुतो, रिकामी पुडी मोरीत पडते आणि विषय संपतो. पण सौंदर्यप्रसाधनांच्या बाबतीत आपल्या बायकांना काय माहीत असतं, काय कळू दिलं जात नाही आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे समजून घ्यायचं असेल तर मला वाटतं या पुडीपासूनच सुरुवात करायला हवी.

दीपनगरचं उदाहरण घेऊ. भुसावळ आणि वरणगावच्या मध्ये, औष्णिक वीज केंद्राच्या आधाराने वसलेलं हे गाव. वसाहतीत इंजिनिअर राहतात, टेक्निशियन राहतात. आजूबाजूला, फेकरीसारख्या गावांत, कंत्राटी कामगारांची बिऱ्हाडं आहेत. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, वर कोळशाची आणि राखेची धूळ. त्यामुळे चेहरा आणि केस हा इथे नखऱ्याचा विषय नाही, रोजच्या त्रासाचा आहे. इंजिनिअरची मुलगी मोबाइलवरून ट्रायल किट मागवते. त्यात सीरमची इवलीशी बाटली, सनस्क्रीनची छोटी ट्यूब आणि लिपस्टिकचा तुकडा येतो. आवडलं तर ती मोठा पॅक घेते. कंत्राटी कामगाराची बायको दुकानातून शॅम्पूची पुडी आणि गोरं करणाऱ्या क्रीमचा पाऊच घेते. दोघींच्या हातात तेवढेच चार-सहा ग्रॅम येतात. पण एकीसाठी तो नमुना असतो आणि दुसरीसाठी तोच पूर्ण माल. एकीची खरेदी नमुन्यानंतर सुरू होते, दुसरीची नमुन्यावरच संपते आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथूनच सुरू होते.

हा फरक लक्षात घेतला की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

पुडीचा इतिहास तमिळनाडूच्या कडलूरचा आहे. तिथल्या चिन्नी कृष्णन यांनी टाल्कम पावडर, एप्सम सॉल्ट अशा वस्तू छोट्या पाकिटांत भरून विकायला सुरुवात केली. कष्टकऱ्यालाही परवडेल एवढ्याच मापात वस्तू मिळावी, हा त्यामागचा विचार. वेलवेट शॅम्पूची पुडी त्याच घरातून आली. त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी 1983 मध्ये 15,000 रुपये भांडवलावर वेगळा धंदा काढला आणि चिक शॅम्पू बाजारात आणला. गावोगावी शाळांमध्ये जाऊन पोरांची डोकी सर्वांसमोर धुऊन दाखवायची, रिकाम्या पुड्या परत आणणाऱ्याला एक भरलेली पुडी फुकट द्यायची, अशा युक्त्यांनी त्यांनी शॅम्पू खेड्यात नेला. पुढे 50 पैशांची पुडी आली. शिकेकाई, रिठा किंवा सरळ कपड्याच्या साबणाने केस धुणाऱ्या घरांत शॅम्पू गेला तो या वाटेने. 2004 मध्ये सी. के. प्रल्हाद यांचं तळातल्या ग्राहकाबद्दलचं पुस्तक आलं आणि जगभरच्या व्यवस्थापन महाविद्यालयांत भारतातल्या पुडीची चर्चा सुरू झाली.

पुडीला सरसकट नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. गरिबाला सुटी वस्तू नेहमी महागच पडते, असं आपण धरून चालतो. शॅम्पूच्या बाबतीत ते अनेकदा खरं नसतं. पुडीवरचे मिली आणि किंमत पाहा, बाटलीवरचे पाहा आणि भागाकार करा. बऱ्याच ब्रँडच्या बाबतीत पुडीच स्वस्त निघते. तेव्हा पुडी घेणारी बाई अडाणी नाही. महिन्याच्या शेवटी हातात उरलेल्या पैशांत काय बसतं हे तिला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. शिवाय आपल्याला काय मानवतं ते आधी थोडं वापरून पाहावं आणि मगच पैसे घालावेत, हा शहाणपणा आहे. तो हक्क ट्रायल किटवाल्या मुलीला असेल तर पुडीवालीलाही हवाच.

प्रश्न असा की पुडी तिला खरोखर अजमावू देते का?

अजमावणं म्हणजे नुसतं लावून बघणं नव्हे. काय लावतोय हे माहीत हवं, परिणाम दिसेपर्यंत वाट बघायला हवी आणि काही बिघडलं तर कोणाला विचारायचं हेही ठाऊक हवं. माहिती, वेळ आणि जबाबदार माणूस या तीन गोष्टी त्यासाठी लागतात.

आपल्याकडचे जुने विक्रेते हे जाणून होते. अत्तरवाला हाताच्या पाठीवर काडी फिरवतो आणि अनुभवी असेल तर लगेच घ्या म्हणत नाही. संध्याकाळपर्यंत राहू द्या, मग सांगा, असं म्हणतो. पहिला दरवळ निराळा आणि चार तासांनंतर अंगावर उरणारा वास निराळा, हे त्याला माहीत असतं. घरोघर फिरणारा मनियार बांगडी हातात घालून दाखवतो, मगच पैसे घेतो. घालताना फुटली तर ती त्याची. पुढच्या महिन्यात त्याला त्याच दारात उभं राहायचं असतं, म्हणून तो माल जपून देतो. त्या काळात सगळं छान होतं असं मला म्हणायचं नाही. त्याच पेटीतला सुरमा अनेकदा शिशाच्या खनिजाचा असे आणि तो तान्ह्या मुलांच्या डोळ्यांतही घातला जाई. डॉक्टर कितीही सांगोत, काही घरांत अजूनही घातला जातो. म्हणजे माणूस ओळखीचा असला तरी त्याच्याकडे माहिती नव्हती. आज माहिती आहे, पण ती पुडीवर नाही.

का नाही? कारण कायद्यानेच तशी सूट दिली आहे.

आपल्या देशात प्रसाधनांसाठी 2020 चे सौंदर्यप्रसाधने नियम लागू आहेत. त्यानुसार वेष्टनावर घटकांची यादी छापावी लागते. पण द्रव पदार्थ 60 मिलीपेक्षा कमी असेल किंवा क्रीम-पावडर 30 ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर ही यादी सक्तीची नाही. बॅच नंबरचंही तसंच. 10 ग्रॅमपर्यंतच्या क्रीमला आणि 25 मिलीपर्यंतच्या द्रवाला तो छापण्यापासून सूट आहे. पत्त्याला जागा नसेल तर उत्पादकाचं नाव, ठिकाण आणि पिनकोड एवढ्यावर भागतं. ही सवलत जुन्या नियमांतही होती, नव्यात ती तशीच पुढे आली. कारण सरळ आहे, छोट्या पाकिटावर जागा नसते.

आता हे उलटं करून बघा. मोठी बाटली घेणाऱ्या बाईला आत काय आहे ते वाचायला मिळतं. पहिल्यांदाच काहीतरी लावून बघणाऱ्या बाईला मात्र ते कळायलाच हवं असा आग्रह नाही. जिथे माहितीची गरज सर्वात जास्त, नेमकी तिथेच ती ऐच्छिक. अनेक मोठ्या कंपन्या सक्ती नसतानाही छोट्या पाकिटावर घटक छापतात, हे मान्य करायला हवं. पण ती मुंगीएवढी अक्षरं, तीही चमकणाऱ्या कागदावर आणि इंग्रजीत. वाचायची कोणी आणि कशी? आणि ज्यांना लपवायचं आहे ते या सवलतीचा पुरेपूर फायदा घेतात.

हा प्रश्न फक्त ॲलर्जीपुरता नाही. मुस्लिम घरांत बायका विचारतात, यात प्राण्याची चरबी तर नाही ना? जैन मैत्रीणही नेमकं तेच विचारते. ग्लिसरीन वनस्पतीपासून बनतं तसं प्राण्यांच्या चरबीपासूनही बनतं. लिपस्टिकमधला कार्माइन नावाचा लाल रंग किड्यांपासून काढतात, यादीत तो कधीकधी 75470 या क्रमांकाने लपलेला असतो. कोणी धर्मासाठी विचारतं, कोणी तत्त्वासाठी, कोणी त्वचेसाठी. उत्तर एकाच ठिकाणी असतं, घटकांच्या यादीत. यादीच नसेल तर तिघींनाही दुकानदाराच्या "काही नाही हो ताई, सगळ्या नेतात" यावर विश्वास ठेवावा लागतो.

दुसरी गोष्ट वेळेची. त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण चार आठवडे लागतात. डाग फिके करणारं, मुरुमं कमी करणारं कोणतंही सरळ औषधी क्रीम आपला गुण दाखवायला तेवढा वेळ घेतंच. पाच-सात ग्रॅमच्या पाऊचमध्ये कितीसा वेळ मिळणार? मग त्यात काय कळतं? वास कळतो, चिकटपणा कळतो, लगेच आग झाली तर ती कळते. शॅम्पूच्या पुडीत फेस दिसतो, पण फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. पहिल्या धुण्यातच केस रेशमी वाटले तर ती बहुतेक वेळा वरून बसलेल्या सिलिकॉनची करामत असते. केस सुधारले का, हे त्यातून कळत नाही.

म्हणजे छोट्या नमुन्याच्या परीक्षेत जे लगेच दिसतं तेच पास होतं. सावकाश, इमानदारीने काम करणारी वस्तू नापास होते. आता विचार करा, चेहऱ्यावर दोन-चार दिवसांत उजळपणा आणणाऱ्या गोष्टी कोणत्या? ब्लीच. स्टिरॉइड. आणि पारा. या परीक्षेत सगळ्यात वरचा नंबर विषाचा येतो.

हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. भुसावळहून नागपूरच्या गाडीत बसलं की मलकापूर, शेगाव आणि मग अकोला. त्या अकोल्याची बातमी 2023 च्या सुरुवातीला सगळ्या वर्तमानपत्रांत आली होती. एका विद्यार्थिनीने स्थानिक ब्युटिशियनकडून गोरं होण्याची क्रीम घेतली. तिचा चेहरा उजळलेला पाहून आई आणि बहीणही ती लावू लागल्या. पुढे तिघींच्याही किडनीला विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कारण शोधलं तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. लक्षात घ्या, पहिलीच्या चेहऱ्यावर परिणाम दिसला म्हणूनच बाकीच्या दोघींनी क्रीम लावली. तिघींच्या हिशोबाने नमुना पास झाला होता.

केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी असेच रुग्ण नोंदवले. जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात त्यांनी किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे 22 रुग्ण तपासले. त्यांतल्या 15 जणांत आजाराचा एक खास प्रकार आढळला आणि त्या 15 पैकी 13 जणांनी गोरेपणाची क्रीम वापरत असल्याचं सांगितलं. किडनीविषयक आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं आहे. पारा त्वचेतून शरीरात जातो. रंगद्रव्य तयार होण्याची प्रक्रिया तो रोखतो, म्हणून चेहरा उजळतो, आणि तोच पारा किडनीत साठत जातो. नियमाप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत राहिलेला पारा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही, मुद्दाम घालायला तर बंदीच आहे. तरीही पाकिस्तान, थायलंड, चीन अशा देशांत बनलेल्या पाराभरल्या क्रीम जगभर फिरतात, हे झिरो मर्क्युरी वर्किंग ग्रुप या आंतरराष्ट्रीय संघटनेने तपासण्या करून वारंवार दाखवलं आहे. कायदेशीर आयात झालेल्या प्रसाधनावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक असावा लागतो. डबीवर तो नसेल तर ती डबी कोणत्या वाटेने आली हे सांगायची गरज नाही.

स्टिरॉइडची गोष्ट तर घरोघरची आहे. खाजेसाठी किंवा गजकर्णासाठी आणलेली ट्यूब उरते. मग ती शेजारीण "थोडी लावून बघ, चेहरा साफ होतो" म्हणून देते. हाही नमुनाच. पहिल्या आठवड्यात चेहरा खरंच साफ होतो. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, लाल होते, उन्हात जळते, बारीक केस येतात आणि ट्यूब बंद केली की चेहरा पेटतो. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या प्रकाराला स्वतंत्र नाव दिलं आहे, कारण रुग्णच तेवढे येऊ लागले. त्यांच्या पाठपुराव्यानंतर 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी स्टिरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. प्रत्यक्षात चिठ्ठी कोण मागतं, हे आपल्या जवळच्या मेडिकलमध्ये उभं राहून पाहावं.

मग हे सगळं असताना बायका का लावतात? याचं उत्तर पुडीत नाही, आपल्या बैठकीच्या खोलीत आहे. मुलगी बघायला येणारे रंगाकडे बघतात. निकाह असो की लग्न, स्थळाच्या कागदावर "गोरी" हा शब्द आजही लिहिला जातो. फेअर अँड लव्हली 1975 मध्ये बाजारात आली आणि 2020 मध्ये तिच्या नावातून "फेअर" गेलं. नाव बदललं. खानदेशातल्या उन्हात कापूस वेचणाऱ्या, केळीच्या बागेत राबणाऱ्या बायकांच्या मुलींनी गोरंच असावं ही आपली अपेक्षा मात्र बदलली नाही. अपेक्षा आपण ठेवायची आणि विष लावल्याबद्दल मुलीला बोल लावायचा, हा न्याय नाही.

खानदेशाला या धंद्याची ओळख नवी नाही. अमळनेरला 1945 मध्ये महंमद हाशम प्रेमजींनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला. त्याच कारखान्यात कपड्यांचा 787 साबण बनायचा. पुढे त्याच कंपनीने 1980 च्या दशकात संतूर आणला. हळद आणि चंदन या घरच्या दोन वस्तूंच्या नावावर तो देशभर खपला. सांगायचं एवढंच, की ग्राहकाला कळेल असं सांगून माल विकता येतो. हळद-चंदन बाईला कळतं. ते मोठ्या अक्षरात वेष्टनावर छापायला जागा मिळते, तर बाकीच्या घटकांना का मिळू नये?

जागेची सबब आता टिकत नाही. पुड्या सुट्या नसतात, त्यांची माळ असते. दर दहा पुड्यांमागे एक पट्टी फक्त माहितीची ठेवता येईल, मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत. ज्या डब्यातून पाऊच येतात त्या डब्यावर पूर्ण यादी छापून तो डबा काउंटरवर ठेवायची सक्ती करता येईल. पुडीवर क्यूआर कोड छापता येईल. पैसे देण्यासाठी आपण रोज तो स्कॅन करतोच, माहितीसाठीही करू. आणि किमान त्वचेवर राहणाऱ्या क्रीम, केसांचे रंग आणि काळी मेहंदी यांना तरी छोट्या पॅकची सूट असू नये. केसांच्या रंगात पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याची ॲलर्जी झाली तर तोंड आणि डोळे सुजतात. ते चिमूटभर पाकिटात विकलं म्हणून कमी घातक होत नाही.

कचऱ्याचा प्रश्न वेगळा आहे, पण तोही याच पुडीचा. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवून केलेली ही पुडी भंगारवाला घेत नाही, कारण थर सुटे करणं परवडत नाही. 2018 मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली, 2022 मध्ये देशात एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर बंदी आली. कानकोरण्याच्या काड्या गेल्या, थर्माकोल गेलं, शॅम्पूची पुडी राहिली. चिकने सुरुवातीला रिकामी पुडी परत घेतली होती ती जाहिरातीसाठी. तीच युक्ती आज कचऱ्यासाठी वापरायला काय हरकत आहे?

सरकार नियम बदलेपर्यंत आपण काय करायचं? उत्पादकाचं नाव, ठिकाण आणि वापराची मुदत नसलेली डबी फुकट मिळाली तरी घ्यायची नाही. आपल्याकडच्या उन्हात दुकानाच्या दारात महिनोन्महिने लटकलेली पुडी न घेता आतली मागायची. कोणतीही नवी क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावायची, मगच चेहऱ्याला. केसांच्या रंगाची चाचणी कानामागे घेऊन दोन दिवस थांबायचं, लग्न उद्यावर आलं असलं तरी. दुकानातल्या टेस्टरचं काजळ डोळ्याला आणि लिपस्टिक ओठाला लावायची नाही, हातावर बघायची, कारण ती आधी कोणाकोणाला लागली आहे हे कोणी सांगू शकत नाही. आणि चार दिवसांत गोरं करणाऱ्या वस्तूपासून चार हात लांब राहायचं, ती कितीही जवळच्या माणसाने दिली तरी. काही झालंच तर पुडी फेकायची नाही, जपून ठेवायची, डॉक्टरला दाखवायची. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. तक्रार झाली नाही तर नोंद होत नाही, आणि नोंद नसली की सगळं ठीकच चाललंय असं धरलं जातं.

बचत गटाच्या बैठकीत पापड-मसाल्याचा हिशोब होतो तसा महिन्यातून एकदा या पुड्यांचाही व्हावा. कोणती घेतली, वर काय लिहिलं होतं, काय झालं. दहा जणींचा अनुभव एका वहीत उतरला तर ती वही कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरी असेल. त्याला पैसे लागत नाहीत. वाचता येणारी एक मुलगी पुरे, आणि ती आता प्रत्येक घरात आहे.